ऐतवारी बदनापूरला

कागद जरा जवळ घेऊन बस, बाई. असा हातभर लांब धरून, एक डोळा भलतीकडं ठेवून वाचणार असशील तर मी लिहीत न्हाई. आणि तुझं पत्र म्हणजे काय पत्र झालं का? चार ओळी, त्यातल्या दोन सर्दीच्या. शेवटी घाईघाईत, "आजोबा तरुणपणी कसे होते ते लिहून पाठव." जसं काही मी दुकानात बसलेय आणि पावशेर मोजून पुडीत बांधून देणार आहे. तुझे आजोबा म्हणजे माझे धाकटे दीर. मी या घरात आले तेव्हा सतराची होते आणि ते तेवीसचे. माझ्या पाया पडायला वाकले तर मीच घाबरून मागं सरले. सगळं लिहिते, पण जेवण करून वाच. उपाशी पोटी वाचण्यासारखं ते न्हाई.

निझामाचं राज्य जाऊन तेव्हा वरीसभर झालं होतं. जालन्यात वरवर सगळं शांत होतं, पण खाकी कपडा दिसला की बायका दार लोटून घ्यायच्या, मग तो खाकीवाला पोस्टमन का असेना. माझ्या माहेरी, टेंभुर्णीला, गडबडीच्या दिवसांत आम्ही तीन दिवस ज्वारीच्या उभ्या पिकात बसून काढले होते. ती भीती अंगातून गेलीच न्हाई. लग्न होऊन आले तर इथं दुसरी भीती बसलेली. ती म्हणजे माझे सासरे.

मामंजी कापसाच्या आडतीवर मुनीम. शेठजी मारवाडाकडचे, पण तीन पिढ्या इथंच गेलेल्या. ते म्हणायचे, मुनीमजींनी सही केली की मी कागद वाचत न्हाई. असा माणूस. कधी ओरडले न्हाईत, कुणावर हात उचलला न्हाई. राग आला की बोलणं बंद करायचे. पानावरून उठून जायचे. त्यांच्या वहाणांचा आवाज बोळात आला की माझ्या हातातली पोळी वाकडी व्हायची. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेल्त्या आणि हे, म्हणजे तुझे थोरले आजोबा, परतूरकडं जिनिंगच्या कामावर, पंधरवड्यातून एकदा यायचे. तेव्हा घरात आम्ही तिघंच. मामंजी, भाऊजी आणि मी.

भाऊजी उर्दूतून मॅट्रिक. जुन्या राज्यात तेच शिक्षण, त्याच्यावर डोळे मिटून नोकरी लागायची. यांचा निकाल लागला आणि राज्यच गेलं. कचेऱ्यांत मराठी आली. बोलायला बसले तर भाऊजी ऐकत राहावं असं मराठी बोलायचे, पण लिहायला बसले की त्यांचा म आणि भ एकसारखाच. मी तर शाळेचं तोंड पाहिलं नव्हतं. भावाची पाटी पुसायच्या आधी तिच्यावरची अक्षरं उचललेली, तेवढीच माझी विद्या. तरी अर्ज मीच लिहायची. चुलीपुढं पाटा उलटा करून त्याच्यावर कागद ठेवायचा, ते सांगणार, मी लिहिणार. "सेवेशी, विनंती अर्ज की." त्या वरसात मी इतके अर्ज लिहिले की नंतर परतूरला यांना पत्र लिहायला बसले तरी हात आपोआप "सेवेशी" लिहायचा.

दाखले ठेवायला त्यांच्याकडं पत्र्याची एक लांब नळी होती. नकाशे ठेवतात तसली, दोरी लावलेली. ती खांद्याला अडकवून, काळा कोट घालून, उन्हातान्हात कचेऱ्या हिंडायचे. लोकांना वाटायचं मोजणीवाला आला. एका म्हाताऱ्यानं तर त्यांना धरून बांधावर नेलं आणि म्हणाला, "साहेब, आता तुम्हीच सांगा हे बोरीचं झाड माझं का शेजाऱ्याचं." भाऊजींनी झाड दोघांत वाटून दिलं. त्यांना न्हाई म्हणायला भीती वाटली.

भीती त्यांना सगळ्याचीच. साहेबाची, चपराशाची, दारावरच्या पडद्याची. एकदा मुलाखतीला नंबर लागला. साहेबानं नाव विचारलं, सांगितलं. वडलांचं नाव विचारलं, तर यांची जीभच उचलेना. घरी येऊन मला सांगत होते, "वहिनी, आबांचं नाव घ्यायचं म्हटलं की आबाच समोर उभे राहून राह्यले. मी सलाम केला आणि बाहेर आलो."

"मंग साहेब काय म्हणाले?"

"काय म्हणतील? त्यांना वाटलं असंल, बाप न्हाई बिचाऱ्याला."

हा एवढा भित्रा माणूस फक्त एका जागी निर्भय असायचा. छावणीच्या मैदानावर. फुटबॉल पाहताना.

आणि तू म्हणशील खेळत असतील. बिलकुल न्हाई. उभ्या जन्मात चेंडूला पाय लावला न्हाई. नुसतं पाहायचं. तो काळ असा की खेळणारेही बिनकामाचे आणि पाहणारेही. जुन्या पलटणीतले, पोलिसातले, नोकरी गेलेले गडी, रेल्वेतले, मिशनच्या शाळेतले. भाऊजी कचेरीतून तसेच नळी अडकवून तिथं जायचे. मिशनच्या दवाखान्यात एक कंपाउंडर होते, त्यांच्याशेजारी बसायचे. ओरडून ओरडून घसा बसायचा. फक्त पेनल्टी असली की पाठ फिरवून उभे राहायचे आणि कंपाउंडरला विचारायचे, "गेला का? गेला का?"

घरी आले की मला अख्खी मॅच चुलीपुढं मांडून दाखवायचे. अकरा हरभरे एकीकडं, अकरा वाटाणे एकीकडं, मधे चिंचोका. मी भाकरी थापत बघायची. कोणता हरभरा लंगडतोय, कोणता वाटाणा रागीट, सगळं मला तोंडपाठ. निकाल आधी विचारला तर रुसायचे. म्हणायचे, "निकाल नका विचारू वहिनी, खेळ विचारा." मैदान मी कधी पाहिलं न्हाई. पण तुला सांगते, तेवढा वेळ मला त्या घरात भीती वाटायची न्हाई.

माझ्या लग्नाआधी मामंजींनी त्यांना एकदा मैदानावर पाहिलं होतं. तीन दिवस घरात घेतलं न्हाई. ओसरीवर निजले, ओसरीवर जेवले. चौथ्या दिवशी मामंजी बोलले, "पुन्हा तिथं दिसलास तर हे दार तुला न्हाई." आणि मी आले त्या वरसी आणखी एक सांगितलं, "दिवाळीपर्यंत नोकरी न्हाई लागली तर तुझं तू बघ."

म्हणजे बघ, नोकरी शोधायची आणि मैदानाचं नाव घ्यायचं न्हाई. भाऊजींनी नोकरी शोधली, खरंच शोधली. पण मैदान सोडवेना. आणि खोटं बोलायची हिंमत त्यांच्यात नव्हती. मामंजींनी "कुठं गेल्ता?" म्हटलं की यांचे कान लाल व्हायचे.

तेव्हा खोटं मी बोलले.

जुन्या राज्यात सुट्टी जुम्म्याला, म्हणजे शुक्रवारी असायची, त्यामुळं मॅचही जुम्म्यालाच. राज्य बदललं, सुट्टी ऐतवारी गेली, तरी खेळणारे काही दिवस सवयीनं जुम्म्यालाच जमत राहिले. मामंजी विचारायचे ते मला. पोरगं घरात नसलं की दाराकडं पाठ करून, हवेत बोलल्यासारखं, "धाकटा कुठं गेलाय?" मी आतून म्हणायची, "बदनापूरला गेलेत. शेतकी फार्मावर कारकुनाची जागा निघणार म्हणतात." बदनापूर गाडीनं जवळ, संध्याकाळी परत येता येतं, आणि फार्मावर जागा निघतात हे कुणीही खरं मानावं. मामंजी "बरं" म्हणायचे. मंग रेल्वेच्या पोरांना ऐतवारीच मोकळीक मिळायला लागली, तशी मॅच ऐतवारी गेली. मॅच गेली तसं माझं बदनापूरही मी ऐतवारी नेलं. "आता फार्मावरचे साहेब ऐतवारी भेटतात." मामंजी पुन्हा "बरं."

माझ्या डोक्यात आलंच न्हाई की ऐतवारी सरकारी कचेरीला कुलूप असतं. कसं येणार? चुलीला सुट्टी न्हाई, तर मला वार काय माहीत. आणि मामंजींची आडत फक्त अमावास्येला बंद. त्यांच्या लेखी सरकारची सुट्टी जुम्म्याची, जन्मभर पाहिलेली. असे आम्ही दोघं, एकाच घरात, एकच चूक सहा महिने धरून बसलो.

दसरा झाला आणि भाऊजींना तहसील कचेरीचा कागद आला. मुलाखत पार पडली होती. या वेळी साहेबानं वडलांचं नाव विचारलंच न्हाई, आधीच लिहिलेलं होतं. जागा मिळाली होती, फक्त पोलिसाकडून चालचलनाची तपासणी व्हायची होती. मामंजींनी कागद दोनदा वाचला आणि खिशात घडी करून ठेवला. दिवाळीला पंधरा दिवस होते.

मंग एका सकाळी बोळात बुटांचा आवाज आला. भाऊजी नळाला गेल्ते. दारात जमादार, काखेत वही. माझे हात पिठातच थांबले. मामंजी पुढच्या खोलीत, मी आतल्या दाराआड. मला फक्त जमादाराचे बूट दिसत होते.

"मुनीमजी, पोराची तपासणी हाय. घाबरू नका, दोन सवाल आन् एक सही."

"इचारा."

"कुठं उठबस हाय त्याची? पत्ते, दारू, पुढारीपणा?"

"न्हाई."

"दिवसभर काय करतो?"

आता इथं ऐक. माझ्या सासऱ्यांनी त्यांच्या पोराला कधी चांगलं म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं. त्या दिवशी ते खाकरले, आणि म्हणाले, "नोकरी शोधतो. दुसरं काही न्हाई. कष्टाळू हाय पोरगं, जमादार. ऊन म्हणत न्हाई, ताप म्हणत न्हाई. सहा महिने झाले, दर ऐतवारी बदनापूरला जाऊन राह्यलाय, फार्मावर. एक ऐतवार चुकला न्हाई."

बूट हलायचे थांबले.

"ऐतवारी?"

"हाव. दर ऐतवारी."

"ऐतवारी फार्म बंद असतंय, मुनीमजी."

चष्म्याची डबी उघडल्याचा आवाज आला.

"मागच्या महिन्यात बदनापूर टेसनापाशी तारायंत्राच्या तारा तोडल्या. तुम्ही ऐकलं असंल. तोडणारे सापडून राह्यले न्हाईत. तो ऐतवार होता." लेखणीचा आवाज यायला लागला. "तर दर ऐतवारी बदनापूर. बराबर? इथं सही करा."

मामंजींनी सही केली. त्यांना वाटलं असंल, पोराची नोकरी या सहीवर आहे. करताना कागद वाचला की न्हाई, देव जाणे. मला दाराआडून तो चष्मा पुन्हा डबीत ठेवल्याचा आवाज आला.

तारा तोडणाऱ्याला काय होतं हे त्या दिवसांत कुणाला सांगावं लागत नव्हतं. शेजारच्या गल्लीतला एक जण नुसत्या विचारपुशीला म्हणून नेला होता, तो चार महिन्यांनी परत आला आणि नंतर कुणाशी बोलला न्हाई. आणि इकडं मी खरं सांगितलं तर भाऊजींना दार बंद, मलाही. माहेरी जायचं म्हटलं तर माहेरी काय सांगायचं? सासऱ्यांशी वरीसभर खोटं बोलले म्हणून? सासऱ्यांसमोर सुनेनं परक्या पुरुषाशी बोलायचं नसतं, तोही पोलीस. तरी मी डोक्यावरचा पदर हनुवटीपर्यंत ओढला आणि दाराआडूनच म्हणाले,

"ते बदनापूरला जात न्हाईत."

मीच पुढं म्हणाले, "छावणीच्या मैदानावर जातात. फुटबॉल पाहायला. बदनापूर मी सांगितलं होतं. मामंजींना माहीत न्हाई."

जमादार म्हणाला, "आक्का, आता वाचवायला म्हणून काही सांगू नका."

"मिशनच्या कंपाउंडरला इचारा. शेजारी बसतात ते."

"तारा तुटल्या त्या ऐतवारी मॅच कुणाची होती?"

"रेल्वेवाल्यांची आणि छावणीतल्या गड्यांची."

"निकाल?"

"एक-एक. छावणीचा दुसरा गोल पंचानं दिला न्हाई. गडी लई भांडले."

जमादाराचे बूट माझ्या दाराकडं वळले. मंग म्हणाला, "तो गोल नव्हताच. मी बंदोबस्ताला होतो." आणि वही मिटून उठला. "पण मुनीमजी, मी तुमचं लिहून घेतलंय, सही तुमची झाली. आता सुनेच्या बोलण्यावर मला ते खोडता येत न्हाई. तुम्हीच पोराला घेऊन ठाण्यात या आणि साहेबापुढं सांगा की आपण चुकीचं बोललो. साहेब नवीन हाय, कडक हाय. आज या. उद्या कागद पुढं जाईल."

तो गेला. मामंजी तिथंच बसून राहिले. मी आत जमिनीवर बसले.

भाऊजी पाण्याची घागर घेऊन आले. मी दारातच सगळं सांगितलं. त्यांनी घागर इतक्या सांभाळून खाली ठेवली, जणू तिचाच जीव जायचा होता. म्हणाले, "वहिनी, मी पळून जाऊ का?"

"कुठं जाल?"

त्यांना कुठलीच जागा सुचेना. शेवटी काळा कोट घालून, खांद्याला नळी अडकवून ओसरीवर जाऊन उभे राहिले. मामंजी बाहेर आले, टोपी घातली. पोराकडं पाहिलं न्हाई. माझ्याकडं मात्र पाहिलं, लग्न झाल्यापासून पहिल्यांदा. म्हणाले, "माझ्या तोंडून सरकारला खोटं वदवलंस." आणि चालू लागले. मागं दहा पावलांवर भाऊजी.

तो दिवस मी कसा काढला ते लिहिता येत न्हाई. चूल पेटवली, विझवली, पुन्हा पेटवली. माझी पेटी काढून लुगडी भरून ठेवली, कारण संध्याकाळी जा म्हणतील हे मला ठाऊक होतं. आणि ते आलेच न्हाईत तर? दुपारी शेजारची डोकावली, "मुनीमजी ठाण्यात बसलेत म्हणतात, काय झालं?" मी म्हणाले, सहीचं काम आहे. तसं खोटं नव्हतं ते, पण मला खोट्यासारखंच वाटलं. तीन वाजले, चार वाजले. आडतीवरचा माणूस येऊन विचारून गेला. मुनीमजी न सांगता आले न्हाईत असा दिवस त्यानं पाहिला नव्हता.

दिवेलागणीच्या जरा आधी वहाणांचा आवाज आला. एकच आवाज. मंग लक्षात आलं, भाऊजी अनवाणी होते. त्यांच्या वहाणा ठाण्याच्या पायरीवरून कुणीतरी नेल्या होत्या, आणि विचारायला त्यांना भीती वाटली.

भाऊजींनी नंतर मला सगळं सांगितलं. दिवसभर बाकावर बसवलं. शेवटी साहेबानं आत घेतलं आणि मामंजींनी उभं राहून सांगितलं, "मी सकाळी बोललो ते खरं न्हाई. मला माहीत नव्हतं. पोरगं फुटबॉल पाहतं." साहेब म्हणाले, "एवढंच?" मामंजी म्हणाले, "एवढंच." साहेबांनी सकाळच्या कागदावर आडवी रेघ मारली आणि बाजूला पुन्हा सही घेतली. कडक माणूस, पण जमादारानं मॅचचं आधीच सांगून ठेवलं होतं. भाऊजी म्हणाले, "वहिनी, त्या रेघेकडं आबा बघत होते ना, मला वाटलं मला तुरुंगात टाकलं असतं तर बरं झालं असतं."

मामंजी जेवले. मला जा म्हणाले न्हाईत. भाऊजींना दार बंद केलं न्हाई. फुटबॉलबद्दल एक शब्द काढला न्हाई. दिवाळीच्या आधी चार दिवस नोकरीचा हुकूम आला, भोकरदनला. तिथं मैदान नव्हतं, फुटबॉल कुणाला माहीत नव्हता. भाऊजी शनिवारी संध्याकाळी मोटारीनं यायचे, ऐतवारी मॅच बघून सोमवारी पहाटेच्या मोटारीनं परत. पण आता जाताना पुढच्या खोलीत उभे राहून, हात मागं बांधून सांगायचे, "आबा, मैदानावर चाललोय." मामंजी म्हणायचे, "बरं."

शिक्षा झाली ती मला. त्या दिवसानंतर मामंजींनी मला कधी काही विचारलं न्हाई. कोण आलं, कोण गेलं, धाकटा कुठं आहे, काही न्हाई. घरात मी असताना शेजारच्या बाईला विचारायचे, "आमच्याकडं कुणी आल्तं का?" बारा वरसं. माझी दोन लेकरं त्या घरात मोठी झाली, मामंजींच्या आजारपणात मी रात्रंदिवस उशाशी बसले, वैद्य आला की त्याला सांगायचे, "सुनेला इचारा, मला काही ठाऊक न्हाई." पण स्वतः न्हाई विचारलं. वहाणांच्या आवाजाला मी शेवटपर्यंत भ्यायचीच. ते गेले तेव्हाही पहिली गोष्ट मनात आली ती ही, की आता ते विचारणार न्हाईत.

तुझे आजोबा हे सगळं बघत होते. माझ्याशी त्यावर कधी बोलले न्हाईत. त्यांचं लग्न झालं, तुझा बाप झाला, बदल्या झाल्या, हेडक्लार्क होऊन घरी बसले. साहेब लोकांना शेवटपर्यंत घाबरायचे. पण इथं आले की, जेवणं झाल्यावर, सगळे इकडंतिकडं झाले की माझ्याजवळ सरकून बसायचे आणि हळूच विचारायचे,

"वहिनी, त्या दिवशी जमादाराला आबा काय म्हणाले?"

"कष्टाळू हाय म्हणाले."

"आणिक?"

"ऊन म्हणत न्हाई, ताप म्हणत न्हाई, म्हणाले."

"आणिक?"

"एक ऐतवार चुकला न्हाई, म्हणाले."

मंग ते म्हणायचे, "ते तर खरंच होतं."

बापाच्या तोंडचं चांगलं त्यांनी कधी स्वतः ऐकलं न्हाई. माझ्याकडूनच ऐकलं, आणि मी ते किती वेळा सांगितलं असेल त्याला गणती न्हाई. जायच्या आधीच्या उन्हाळ्यातसुद्धा विचारलं. आता ते न्हाईत. मामंजींचा तो आवाज, ते खाकरणं, "कष्टाळू हाय पोरगं" म्हणतानाचा, मी मेल्यावर कुणाच्या कानात न्हाई उरणार. कागदावर आवाज उतरत न्हाई, बाई. तेव्हा तू ये. सणावाराची वाट बघू नको, या महिन्यातच ये, आणि चार दिवस काढून ये. मी म्हणून दाखवते, ते कसं म्हणाले होते.